ट्रम्पेटफिश: इतका संथ मासा चपळ शिकार कशी पकडतो?

बालाघाटकर

नमस्कार. प्रवाळभित्तींवर राहणाऱ्या ट्रम्पेटफिशविषयी एक प्रश्न मांडण्यासाठी हा धागा काढत आहे. मी अंबाजोगाईला अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवतो. अनुकूलनाच्या पाठात उंट आणि निवडुंग यांच्यापलीकडचे उदाहरण द्यावे म्हणून मी या माशाची निवड केली आणि त्याच्या चित्रफिती वर्गात दाखवल्या.

ज्यांनी हा मासा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख देतो. ऑलोस्टोमस या प्रजातीत आज तीन जाती आहेत. हिंदी आणि प्रशांत महासागरात आढळणारी जात ऑलोस्टोमस चायनेन्सिस. ती सुमारे ८० सेंटिमीटरपर्यंत वाढते. कॅरिबियन समुद्रातील ऑलोस्टोमस मॅक्युलॅटस मीटरभर लांब होतो, आणि तिसरी जात आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे आहे. शरीर सडपातळ आणि ताठ असते, तोंडाची लांब नळी होऊन तिच्या टोकाला छोटेसे मुख उघडते, हनुवटीवर एकच बारीक मिशी असते आणि पाठीवर एकमेकांपासून सुटे असे आठ ते बारा काटे असतात. पोहण्याच्या कामी येणारे मऊ पर मात्र पार मागे, शेपटीजवळ असतात.

अडचण अशी की चित्रफितीत हा मासा जवळजवळ हलतच नाही, आणि त्याचे मुख्य खाद्य तर लहान मासे आणि कोळंबी आहे. एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, एवढा संथ मासा उपाशी कसा मरत नाही?" मी थोडे उत्तर दिले, पण ते माझ्याच मनाला पुरेसे वाटले नाही. या शरीराचा नेमका उपयोग काय, लपण्यासाठी की खाण्यासाठी? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उदगीरचा_मत्स्यविद्यार्थी

सर, आपण फार चांगला विषय काढलात. मी उदगीरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात शिकलो आहे. आमचा बराचसा अभ्यास कटला, रोहू आणि मृगळ यांचाच असला, तरी माशांच्या तोंडाची यंत्रणा हा माझ्या आवडीचा भाग राहिला आहे.

आधी खाण्याबद्दल. ट्रम्पेटफिश चावत नाही, तो ओढून घेतो. त्याचे दात अगदी सूक्ष्म असतात. शिकार टप्प्यात आली की तो तोंडाची नळी आतून एकदम रुंद करतो. तोंडाच्या तळाची हाडे खाली जातात, दोन्ही बाजू फाकतात आणि आतील जागा क्षणात वाढते. पाणी दाबले किंवा ताणले जात नसल्यामुळे ती जागा भरण्यासाठी बाहेरचे पाणी वेगाने आत धावते आणि त्या पाण्याबरोबर लहान मासाही आत जातो. एरवी इवलेसे दिसणारे हे मुख त्या क्षणी जवळजवळ शरीराच्या जाडीइतके उघडते, त्यामुळे पाहणाऱ्याला वाटते त्याहून बरीच मोठी शिकार त्यात मावते.

पण या पद्धतीची एक कडक मर्यादा आहे आणि माझ्या मते सरांच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच दडलेले आहे. ओढीचा जोर मुखाच्या अगदी समोर सर्वांत जास्त असतो आणि मुखाच्या रुंदीएवढे अंतर ओलांडले की तो जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे शिकार काही सेंटिमीटरवर आल्याशिवाय या यंत्राचा काहीही उपयोग नाही. पाठलाग करून पकडणाऱ्या माशाला वेग लागतो. या माशाला लागते ती जवळीक, तीही समोरच्याला संशय येऊ न देता साधलेली. त्याच्या शरीराची बाकी सारी ठेवण मला या एका गरजेतून आलेली दिसते.

तेरणा

वरील प्रतिसाद आवडला, पण "सारी ठेवण एका गरजेतून" हे विधान मला फार मोठे वाटते. एखाद्या अवयवाचा उपयोग दिसला की तो त्यासाठीच घडला असे आपण लगेच मानतो. लांब नळीचे तोंड हा तर या माशाच्या साऱ्या गोतावळ्याचा वारसा आहे. समुद्रघोडा, पाइपफिश, कॉर्नेटफिश आणि डोके खाली करून पोहणारा श्रिम्पफिश हे सगळे त्याच गणातले आहेत आणि प्रत्येकाचे राहणीमान वेगळे आहे. समुद्रघोडा तर शेपटीने गवताला धरून बसतो आणि सूक्ष्म कवचधारी प्राणी खातो. तेव्हा नळी आधी आली आणि लपण्याची कला नंतर, असेही असू शकते.

उदगीरचा_मत्स्यविद्यार्थी

तेरणा, हा मुद्दा योग्य आहे. इटलीतील मोंते बोल्का येथे सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत या कुळातील माशांचे जीवाश्म सापडले आहेत, म्हणजे हा आराखडा फार जुना आहे. तेव्हा विधान थोडे आखडून मांडतो. नळी वारशाने मिळाली, पण शरीराचा ताठपणा, मागे सरकलेले पर आणि रंग बदलण्याची क्षमता या गोष्टी जवळ सरकण्याच्या कामी एकत्र येतात.

ताठपणाविषयी थोडे सांगतो. या माशाच्या कण्यातील पहिले चार मणके लांब झालेले आणि एकमेकांना जोडलेले असतात. बहुतेक मासे अंग वळवत पोहतात आणि त्या वळवण्याने पाण्यात लहरी उठतात. लहान माशांच्या अंगावर दोन्ही बाजूंना संवेदनेची एक रेघ असते आणि तिच्यामुळे त्यांना अशा लहरी जाणवतात. ट्रम्पेटफिश अंग वळवतच नाही. मागचे दोन पारदर्शक पर थरथरवून तो काठीसारखा सरळ पुढे येतो. शिवाय तो नेमका समोरून आला तर शिकारीच्या डोळ्यांना दिसते ते केवळ नळीचे टोक आणि त्यामागचे लहानसे वर्तुळ, कारण बाकीचे सगळे शरीर त्याच रेषेत मागे झाकलेले असते.

गोदाकाठची_रेवा

मी नांदेडची आहे. लक्षद्वीपमधील कदमत बेटावर गेले असता मी हा मासा पाण्यात जवळून पाहिला, म्हणून लिहिते.

खाजणाच्या उथळ पाण्यात फांद्यांसारख्या वाढणाऱ्या प्रवाळांचा एक पुंजका होता. आमच्या वाटाड्याने बोट दाखवले तरी मला बराच वेळ काहीच दिसेना. मग दोन फांद्यांमधली एक "फांदी" लाटेबरोबर डोलते आहे, पण शेजारच्या फांद्या मात्र स्थिर आहेत, हे लक्षात आले. मासा डोके खाली आणि शेपटी वर अशा स्थितीत उभा होता. रंग मातकट तपकिरी, त्यावर फिकट उभ्या रेघा, शेपटीच्या बुडाशी पांढरट ठिपके आणि शेपटीवर काळे ठिपके. मागचे पर इतके पारदर्शक होते की त्यांची थरथर फक्त पाण्यातील प्रकाश हलल्यामुळे कळत होती. हनुवटीवरची मिशीही मला दिसली. डोळा मात्र सतत फिरत होता. सगळे शरीर निश्चल आणि डोळा तेवढा कामात, हे दृश्य माझ्या मनात पक्के राहिले आहे.

थोड्या वेळाने त्याच ठिकाणी दुसरा, पूर्ण पिवळा मासा आला. ती वेगळी जात असावी असे मला वाटले होते, परंतु वाटाड्याने तीच जात असल्याचे सांगितले. याविषयी कोणी खुलासा करील का?

उदगीरचा_मत्स्यविद्यार्थी

रेवाताई, वाटाड्याने योग्य सांगितले. ऑलोस्टोमस चायनेन्सिस तपकिरी, हिरवट आणि पूर्ण पिवळ्या अशा रूपांत आढळतो. आपण वर्णिलेल्या रेघा आणि गडद-फिकट छटा तो परिस्थितीनुसार चटकन बदलतो, पण पूर्ण पिवळे रूप मात्र त्या क्षणिक बदलांपैकी नव्हे. कॅरिबियन जातीतही पिवळे रूप आहे, आणि काही माशांचे डोके निळसर-जांभळे दिसते.

पैठणकर

मी समुद्रशास्त्राचा जाणकार नाही. माझा संबंध जायकवाडीच्या पाण्याशी आणि तिथल्या वाम, मरळ, शिंगाळा या माशांशी. पण काही वर्षांपूर्वी कोकणात एका बंदरावर उतरवलेल्या मासळीत असाच लांब नळीच्या तोंडाचा, तांबूस रंगाचा मासा मी पाहिला होता. त्याच्या शेपटीच्या मधोमध दोऱ्यासारखा लांब तंतू होता. म्हणजे ट्रम्पेटफिश आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मिळतो, असे समजावे काय?

उदगीरचा_मत्स्यविद्यार्थी

दादा, तंतू होता म्हणता तर तो कॉर्नेटफिश, म्हणजे फिस्टुलॅरिया. हे दोन्ही मासे नेहमी एकमेकांच्या नावाने ओळखले जातात, म्हणून ओळखण्याच्या खुणा लिहितो. कॉर्नेटफिशच्या शेपटीतून चाबकासारखा तंतू निघतो, ट्रम्पेटफिशला तो नसतो. ट्रम्पेटफिशच्या हनुवटीवर मिशी आणि पाठीवर सुटे काटे असतात, कॉर्नेटफिशला दोन्ही नसतात. ट्रम्पेटफिशच्या अंगावर बारीक खवले असतात, तर कॉर्नेटफिशची त्वचा जवळजवळ उघडी असते आणि शरीर वरून खाली चपटे असते. तांबूस रंगाचा फिस्टुलॅरिया पेटिंबा ट्रॉलरच्या जाळ्यात येतो, कारण तो प्रवाळांवर अवलंबून नाही आणि मऊ तळाच्या खोल पाण्यातही राहतो.

ट्रम्पेटफिशचे मात्र प्रवाळभित्तीशी आणि खडकाळ तळाशी घट्ट नाते आहे. आपल्या देशात तो लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार येथे पाहावा. पूर्व आफ्रिकेपासून हवाईपर्यंत आणि पलीकडे पनामापर्यंत त्याचा विस्तार आहे, तरी तांबड्या समुद्रात तो आढळत नाही.

तेरणा

कॉर्नेटफिशचा विषय निघालाच आहे तर एक माहिती जोडतो. फिस्टुलॅरिया कॉमर्सोनाय ही त्याची एक जात तांबड्या समुद्रात भरपूर आहे. सुएझ कालवा १८६९ साली खुला झाला आणि त्यातून कित्येक जाती भूमध्य समुद्रात शिरल्या. ही जात तिथे पहिल्यांदा नोंदली गेली ती २००० साली, इस्रायलच्या किनाऱ्याजवळ. त्यानंतर दहा वर्षांच्या आतच ती पश्चिमेला स्पेनच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचली. जनुकीय तपासणीत त्या साऱ्या माशांमध्ये विविधता फारच कमी आढळली, म्हणजे मोजक्याच माशांपासून एवढा मोठा विस्तार झाला. एक सडपातळ मासा खुल्या पाण्यात आणि वाळूवर शिकार करू शकतो म्हणून समुद्र बदलूनही तगतो, आणि दुसरा भित्तीला धरून राहतो. सरांनी वर्गात हे दोन्ही मासे शेजारी शेजारी ठेवले तर अधिवास म्हणजे काय, हे मुलांना चांगले कळेल.

दुधना_परतूर

मी वाचल्याप्रमाणे ट्रम्पेटफिशमध्येही समुद्रघोड्याप्रमाणे नर पोटावरील पिशवीत अंडी सांभाळतो. पाठात हा भाग घेतला तर मुलांना नक्की आवडेल.

उदगीरचा_मत्स्यविद्यार्थी

हा भाग कृपया घेऊ नये. ही माहिती आंतरजालावर अनेक ठिकाणी आहे, पण ती खरी नाही. नराने अंडी सांभाळणे हे समुद्रघोडे आणि पाइपफिश यांच्या कुळाचे वैशिष्ट्य आहे. ट्रम्पेटफिश त्याच गणातला असला तरी त्याचे कुळ वेगळे आहे आणि त्याला अशी पिशवी नसते. त्याची अंडी खुल्या पाण्यात सोडली जातात आणि प्रवाहाबरोबर तरंगत जातात. पिल्लेही सुरुवातीचा काळ भित्तीपासून दूर, प्लवकांमध्ये काढतात.

कुळातील हा फरक कायद्यातही दिसतो. समुद्रघोडे आणि पाइपफिश यांचे सगळे कुळ २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतले गेले. ट्रम्पेटफिश त्यात येत नाही, कारण तो त्या कुळातला नाही आणि आज त्याला नामशेष होण्याचा धोकाही नाही. पण तो ज्या दगडी प्रवाळांवर राहतो त्यांना त्याच वर्षी पहिल्या अनुसूचीचे संरक्षण मिळाले. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण या माशाचे संरक्षण त्याच्या घराच्या संरक्षणातूनच होणार आहे.

सिंदफणा

धाग्यात अजून एक मोठी गोष्ट यायची राहिली आहे, ती सविस्तर लिहिते.

फांद्यांमध्ये उभे राहणे ही या माशाची एक पद्धत झाली. दुसरी पद्धत अशी की तो पोपटमाशासारख्या मोठ्या, निरुपद्रवी माशाच्या पाठीला किंवा कुशीला जवळजवळ चिकटून त्याच्याबरोबर पोहतो. पोपटमासा प्रवाळावरचे शेवाळ खरवडत फिरतो आणि लहान मासे त्याला घाबरत नाहीत. त्याच्या आडोशाने ट्रम्पेटफिश लहान माशांच्या जवळ पोहोचतो आणि टप्प्यात येताच बाहेर झेप घेतो. पाणबुड्यांनी हे वर्तन कित्येक वर्षांपासून पाहिलेले होते. प्रश्न होता तो पुराव्याचा. शिकार खरोखरच फसते की हा माशांच्या सोबतीचा योगायोग आहे?

केंब्रिज विद्यापीठातील सॅम मॅचेट आणि सहकाऱ्यांनी कॅरिबियनमधील कुरासाओ बेटाजवळ याची परीक्षा घेतली. त्यांनी त्रिमितीय छपाईने ट्रम्पेटफिश आणि पोपटमासा यांच्या प्रतिकृती तयार केल्या, पाण्याखाली ताणलेल्या दोरीवर कप्प्या बसवल्या आणि डॅमसेल या प्रवाळावर राहणाऱ्या लहान माशांच्या वसाहतींवरून त्या प्रतिकृती फिरवल्या. एकटा ट्रम्पेटफिश गेला तेव्हा डॅमसेल मासे आधी त्याला निरखायला पुढे आले आणि मग झटकन आसऱ्याला पळाले. एकटा पोपटमासा गेला तेव्हा त्यांनी फारशी दखल घेतली नाही. आणि पोपटमाशाच्या कुशीला ट्रम्पेटफिश लावून फिरवला तेव्हा त्यांचे वागणे एकट्या पोपटमाशाला पाहिल्यासारखेच राहिले. हे काम ऑगस्ट २०२३ मध्ये करंट बायोलॉजी या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. माणसाखेरीज दुसरा एखादा प्राणी शिकारीसाठी तिसऱ्या प्राण्याचा चालता आडोसा म्हणून वापर करतो, याचा प्रयोगाने मिळालेला हा पहिला पुरावा मानला जातो.

मांजराकाठ

हे वाचून अंगावर काटा आला, कारण ही पद्धत आपल्या मराठवाड्याच्या माळरानावर माणसांना ठाऊक होती. गाय पारधी समाजातील जुने शिकारी शिकवून तयार केलेल्या गाईच्या आडोशाने हरणांच्या कळपाकडे सरकत असत. गाय चरत चरत पुढे जाते, हरणांना तिची सवय असते, आणि तिच्या पलीकडच्या कुशीला वाकून चालणारा माणूस त्यांना दिसत नाही. या समाजाचे नावच त्या गाईवरून पडले आहे. शिकारीवर आज कायद्याने बंदी आहे आणि ती असायलाच हवी. पण इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ज्या भटक्या समाजांवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांच्यातील एका समाजाकडे प्राण्यांच्या वर्तनाचे इतके सूक्ष्म ज्ञान होते, ही गोष्ट मुलांना आदरपूर्वक सांगितली जावी असे मला मनापासून वाटते. मॅचेट यांच्या प्रयोगात जे सिद्ध झाले ते समजायला आपल्या भागातील मुलांना याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही.

बालाघाटकर

मांजराकाठ, हे उदाहरण मी वर्गात नक्की घेणार आहे. माझ्या वर्गात पारधी समाजातील मुलेही आहेत. त्यांच्या आजोबांचे ज्ञान पाठात आले तर पाठाचे मोल वाढेल.

तेरणा

सिंदफणाताई, प्रयोग उत्तम आहे, परंतु त्यातून किती निष्कर्ष काढायचा याची मर्यादा पाळायला हवी. प्रयोगात मोजले गेले ते डॅमसेल माशांचे घाबरणे. खऱ्या ट्रम्पेटफिशला आडोशामुळे जास्त शिकार मिळते की नाही, हे त्यात मोजलेले नाही. प्रतिकृती तर तोंडही उघडत नाही. शिवाय डॅमसेल ही एकच जात झाली. दुसरे लहान मासे कदाचित वेगळे वागत असतील.

सिंदफणा

आपला आक्षेप मला मान्य आहे, पण पूर्ण नाही. वर उदगीरच्या मित्रांनी लिहिले आहे की ओढीचा टप्पा काही सेंटिमीटरचाच असतो. मग शिकार कमी घाबरली आणि उशिरा पळाली तर ते अंतर कमी होणारच, आणि या माशाच्या बाबतीत अंतर हेच सर्वस्व आहे. पाठलाग करणाऱ्या माशाच्या बाबतीत मी हे म्हटले नसते. म्हणून तोंडाची यंत्रणा आणि आडोशाची युक्ती या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या तरच प्रयोगाचा अर्थ लागतो.

दुधना_परतूर

एक शंका. इतका लबाड मासा निसर्गात टिकतो, मग पोपटमाशाला याचा काही फायदा होतो का?

तेरणा

पोपटमाशाला यातून काही मिळत असल्याचे माझ्या वाचनात नाही. "लबाड" हा शब्द मात्र मुलांसमोर वापरू नये, असे सुचवतो. ज्या माशांच्या पूर्वजांनी मोठ्या माशाच्या कुशीला राहून जास्त खाल्ले त्यांची पिल्ले जास्त टिकली, इतकेच आपण सांगू शकतो. हेतूची भाषा वापरली की निवडीची प्रक्रिया झाकली जाते आणि बारावीच्या परीक्षेतही मुले "माशाने ठरवले" असे लिहू लागतात.

गोदाकाठची_रेवा

मला अधिवासाकडे परत यायचे आहे, कारण मी कदमतला जे पाहिले त्यात आनंदाइतकेच दुःखही होते. ज्या पुंजक्यात तो मासा उभा होता त्याच्या पलीकडे बराच मोठा भाग मोडलेल्या, शेवाळलेल्या प्रवाळाच्या तुकड्यांचा होता. तळ जवळजवळ सपाट झालेला होता. तिथे उभे राहून लपायला जागाच नव्हती.

सिंदफणा

रेवाताई, याचा या माशाच्या वर्तनाशी थेट संबंध आहे. त्याच संशोधकांच्या गटाने पाणबुड्यांकडून त्यांची निरीक्षणे गोळा केली होती. भित्तीची रचना जिथे कमी गुंतागुंतीची, म्हणजे अधिक सपाट, तिथे ट्रम्पेटफिश दुसऱ्या माशांच्या आडोशाने शिकार करताना अधिक वेळा दिसतो, असे त्यातून पुढे आले. फांद्यांचा आडोसा गेला की तो चालता आडोसा शोधतो.

समुद्राचे पाणी प्रमाणाबाहेर तापले की प्रवाळ आपल्या ऊतींमधील एकपेशीय शैवालांना बाहेर टाकते आणि पांढरे पडते. ते शैवाल प्रवाळाला बहुतांश अन्न पुरवते. ताप लवकर उतरला तर प्रवाळ सावरते, नाही तर मरते, आणि मेलेला सांगाडा काही वर्षांत लाटांनी मोडून सपाट होतो. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी असे मोठे आघात झाले. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती येथील दीर्घकालीन अभ्यासात १९९८ ते २०२२ या काळात जिवंत प्रवाळाचे आच्छादन जवळपास निम्म्यावर आल्याचे दिसले. एप्रिल २०२४ मध्ये तर जागतिक पातळीवरील चौथी विरंजन (म्हणजे प्रवाळ पांढरे पडण्याची) घटना जाहीर झाली.

पैठणकर

म्हणजे प्रवाळ गेले तरी हा मासा जगेल, असा याचा अर्थ घ्यायचा काय? तसे असेल तर काळजी कशाची?

सिंदफणा

दादा, काही काळ जगेल, पण आडोसा देणारा पोपटमासा आणि पोटात जाणारे डॅमसेल मासे, दोघेही त्याच भित्तीवर जगतात. डॅमसेल माशांच्या कित्येक जाती धोका दिसला की फांद्यांच्या फटीत शिरतात. फटीच उरल्या नाहीत तर तेही उरणार नाहीत. सागरतळाच्या एक टक्क्याहूनही कमी जागेत असलेल्या प्रवाळभित्तींवर समुद्रातील सुमारे एक चतुर्थांश जाती अवलंबून आहेत. ट्रम्पेटफिश आज धोक्यात नाही म्हणून स्वस्थ बसावे, असे मला वाटत नाही. त्याने युक्ती बदलली, हीच घर बिघडल्याची खूण आहे.

मांजराकाठ

महाराष्ट्राजवळ प्रवाळ कुठे आहेत? लातूर-धाराशिवच्या मुलांना लक्षद्वीप फार लांब पडते.

उदगीरचा_मत्स्यविद्यार्थी

मालवणच्या सागरी अभयारण्यात, जे १९८७ साली घोषित झाले, प्रवाळांचे तुटक पट्टे आहेत. दुसरी जागा म्हणजे विजयदुर्गपासून पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर समुद्रात बुडालेले आंग्रिया बँक हे पठार. त्याला कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे. त्याचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर असल्याने तिथे प्रवाळ वाढतात. मुलांच्या सहलीसाठी मालवणच योग्य. तिथे डॅमसेल आणि फुलपाखरू मासे दिसतील. ट्रम्पेटफिश दिसेल असे आश्वासन मात्र कोणी देऊ नये.

तेरणा

तीन जातींबद्दल सरांनी सुरुवातीला लिहिले होते, त्यावर थोडे. जनुकीय अभ्यासानुसार सुमारे तीस-चाळीस लाख वर्षांपूर्वी पनामाची संयोगभूमी वर येऊ लागल्यावर कॅरिबियन जात वेगळी पडली. त्यानंतर हिंदी महासागरातील मासे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून अटलांटिकमध्ये गेले आणि त्यांच्यापासून पश्चिम आफ्रिकेकडची तिसरी जात झाली. म्हणून अटलांटिकमधील दोन जाती एकाच महासागरात असूनही एकमेकींच्या सर्वांत जवळच्या नातलग नाहीत. जातिनिर्मितीच्या पाठात हे उदाहरण बसते.

बालाघाटकर

सर्वांचे आभार. उदगीरच्या मित्रांनी सांगितलेला ओढीचा टप्पा मुलांना हातांनी अनुभवता यावा म्हणून मी प्रयोगशाळेत एक सोपी रचना करून पाहिली. ती इथे देतो, इतर शिक्षकांनाही उपयोगी पडेल.

परातीत चार बोटे पाणी घ्यावे आणि तळाशी राजगिऱ्याचे दाणे पसरून ते स्थिर होऊ द्यावेत. सुई काढलेली मोठी सिरिंज तिरकी धरून तिचे टोक दाण्यांपासून थोड्या अंतरावर ठेवावे आणि दट्ट्या झटकन मागे ओढावा. टोक दाण्यांना जवळजवळ टेकलेले असेल तर समोरचे दाणे आत येतात आणि तळावर एक छोटा स्वच्छ ठिपका उमटतो. टोक बोटभर दूर नेले की तेवढ्याच जोराने ओढूनही बहुतेक दाणे जागेवरच राहतात. मग टोकाला सिरिंजच्या तोंडापेक्षा रुंद रबरी नळीचा तुकडा बसवावा. टोकाशी पाण्याचा वेग आधीइतकाच राखला तर ओढ थोड्या अधिक दुरून जाणवते, पण त्यासाठी दट्ट्या अधिक झपाट्याने ओढून आधीपेक्षा जास्त पाणी हलवावे लागते. मुख रुंद उघडण्याचा लाभ आणि त्याची किंमत मुलांना इथे एकदम दिसते. मूळ प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थिनीने दाणे हलत नाहीत हे पाहून स्वतःच सांगितले की मग माशाला वेगाने पोहण्याऐवजी जवळ जाणेच जमले पाहिजे.

उदगीरचा_मत्स्यविद्यार्थी

सर, प्रयोग फारच छान. त्यात एक भर सुचवतो. दाण्यांऐवजी मत्स्यटाकीतील जिवंत डॅफ्निया (पाण्यातील इवलेसे कवचधारी प्राणी) वापरले आणि सिरिंजचे टोक एकदा सावकाश आणि एकदा घाईने जवळ नेले, तर घाईने नेताना ते आधीच दूर उसळतात. ताठ शरीराने, पाणी न ढवळता सरकण्याचे महत्त्व त्यातून कळेल. डॅफ्निया नंतर टाकीत परत सोडावेत.

गोदाकाठची_रेवा

पुढच्या हंगामात लक्षद्वीपला जाणाऱ्यांसाठी थोडे लिहून ठेवते. तिथे जाण्यास परवाना लागतो, तो आधीच काढावा. पाण्यात प्रवाळावर उभे राहू नये, त्याला हातही लावू नये. ट्रम्पेटफिश दिसला तर तो एकटा आहे की दुसऱ्या माशाबरोबर, कोणत्या माशाबरोबर, फांद्यांमध्ये आहे की सपाट तळावर, आणि त्याचा रंग कोणता, हे टिपून इथे जरूर लिहावे. छायाचित्र बाजूने घ्यावे, म्हणजे हनुवटीची मिशी आणि शेपटीचा आकार दोन्ही येतील आणि कॉर्नेटफिशशी गल्लत होणार नाही.